काळी दोनचा लेहरा

डावा हात काळी दोनवर ठेवा. घरात पेटी असेल तर उत्तम, नसेल तर टेबलाच्या कडेवर भागवा. आता पाच मोजायचे. पण झपतालाच्या सवयीने दोन-तीन मोजायला जाल तर पहिल्याच आवर्तनात फसाल. इथे तीन आधी येतात, दोन मागून. दक्षिणेतल्या मृदंगवाल्यांची बोली उसनी घ्या: तकिट-तक, तकिट-तक. ‘तकिट’च्या पहिल्या मात्रेला काळी दोन, ‘तक’च्या पहिल्या मात्रेला काळी पाच. म्हणजे षड्ज आणि पंचम. उजव्या हाताने मधल्या जागांवर स्वरांचा एक जुडगा टाकत राहायचा. झालं. एवढंच वाजवायचं आहे आणि थांबायचं नाही.

लेहरा धरणं, म्हणजे एकच धून फिरवत ताल दाखवत राहणं, बाहेरून फार सोपं दिसतं. मी वीसेक वर्षं एकल तबल्याला पेटीवर लेहरा धरतोय. कार्यक्रम संपला की लोक तबलजीच्या पाया पडतात आणि आम्हाला विचारतात, स्वच्छतागृह कुठे आहे? तक्रार नाही. पण तबल्यावर एखादी अवघड गत चालू असते, ऐकणारे सगळे समेची वाट चुकलेले असतात, आणि त्या पंधरा-वीस सेकंदांत सम कुठे आहे हे सभागृहात दोघांनाच ठाऊक असतं. त्या दोघांत जे काही असतं त्याला मला अजून नीट शब्द सापडलेला नाही. म्हणून तुम्हाला घेऊन निघालोय.

तकिट-तक. डोळे उघडा.

१ जुलै १९५९. न्यूयॉर्क, पूर्वेकडचा तिसावा रस्ता. एकेकाळी हे चर्च होतं. आता कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ आहे. छत इतकं उंच, की वाजवलेला आवाज वर जाऊन सावकाश खाली येतो. याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये माइल्स डेव्हिस याच खोलीत ‘काइंड ऑफ ब्लू’ वाजवून गेला आहे. तुम्ही पियानोसमोर बसला आहात. वय अडतीस, डोळ्यांना जाड काड्यांचा चष्मा, नाव डेव्ह ब्रूबेक. त्याच्या मनात शिरायचा आगाऊपणा आपण करायचा नाही. हात तेवढे मागून घेऊ.

हे हात रुंद आहेत, आणि पूर्ण बरे नाहीत. १९५१ साली हवाईच्या किनाऱ्यावर पाण्यात सूर मारताना मानेला जबर मार बसला. बोटांपर्यंत पोचणाऱ्या नसा दुखावल्या. एकेरी स्वरांच्या वेगवान ताना नकोशा झाल्या, म्हणून तेव्हापासून हे हात स्वरांचे ठोकळे टाकतात. टीकाकार म्हणतात, फार जड वाजवतो. वाजवतो खरा. पण आज त्याचा उपयोग होणार आहे.

मान थोडी वळवा. बास घेऊन उभा आहे तो यूजीन राइट. ऑल्टो सॅक्सोफोन घेऊन उभा असलेला, हिशेबतपासनीस वाटावा असा सडपातळ माणूस पॉल डेझमंड. आणि ड्रमसेटमागे, तुमच्यापेक्षाही जाड भिंगांचा चष्मा लावून, जो मोरेलो. सोळा दिवसांनी एकतिशी पूर्ण करेल. जन्मापासून त्याची नजर अधू आहे. पहिल्या चार आवर्तनांत तो एकटाच वाजवतोय: राइड सिम्बल, स्नेअर, पाच मात्रा. मग तुमचा लेहरा, मग बास, मग पॉलची ती धून, जी तुम्ही रिक्षातसुद्धा ऐकली असेल.

आता पॉलचं वाजवून होत आलंय. त्याने तोंडातून रीड काढलं, की मधे कोणी नसेल; फक्त तुमचा लेहरा, खाली यूजीनचा बास आणि जो. तो पहिला ठोका टाकेपर्यंत वेळ आहे. हात चालू ठेवा, तोवर मागे जाऊन येऊ.

१९५६. बावन्नावा रस्ता, हिकरी हाउस. मधोमध लांबट गोल बार, आणि बारच्या आतच वाजवणाऱ्यांची जागा. म्हणजे लोक जेवतात ते थेट वादकांच्या तोंडासमोर. पियानोवर मॅरियन मॅकपार्टलंड आहे. तिच्या मागे तरुण जो मोरेलो. ड्रमवाल्यापेक्षा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यासारखा दिसतो असं मॅरियनला तो पहिल्यांदा पाहून वाटलं होतं. तो ब्रश वाजवतोय. माजघरात कोणी सुपात तांदूळ पाखडत असावं तसा आवाज: हलका, सलग, आणि त्या सलगतेत मधूनच खडा लागल्यासारखा एक टिच्.

त्याच्याकडे पॉलनेच तुमचं लक्ष वळवलं होतं. पॉलला असाच ड्रमवाला हवा होता, पाखडणारा. मागे बसेल, कुजबुजेल, सॅक्सोफोनच्या वाटेत येणार नाही.

जोचं म्हणणं वेगळं होतं. तुमचा ड्रमवाला दिसतच नाही, तो मागे अंधारात असतो, मला वाजवायचं आहे, असं त्याने तुम्हाला स्वच्छ सांगितलं. तुम्ही हो म्हणालात. या माणसाची आधीची गोष्ट कळली, की तो असं का बोलला ते समजतं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा पोरगा. सहाव्या वर्षी व्हायोलिन हातात आलं, नवव्या वर्षी बॉस्टन सिंफनीबरोबर मेंडेल्सनचा कॉन्चेर्तो वाजवला. पंधराव्या वर्षी व्हायोलिनवादक यशा हायफेट्झला भेटला, त्याला ऐकलं आणि ठरवलं, हा आवाज आपल्याला कधीच काढता येणार नाही. व्हायोलिन ठेवून दिलं, काठ्या उचलल्या. आपल्याकडेही बैठकीत एखाद्याला ऐकून घरी येऊन तंबोरा खुंटीला लावून टाकणारे असतात. पण ते बहुधा पुढे फक्त टीका करतात. याने पुढे जॉर्ज लॉरेन्स स्टोनकडे जाऊन हात घासले, आणि इतके घासले की गुरूने आपलं पुढचं पुस्तक त्याला अर्पण केलं.

लगेच शिकागोला. त्याच वर्षाची अखेर, ब्लू नोट क्लब. नव्या ड्रमवाल्याच्या पहिल्याच दिवसांतली रात्र. तुम्ही शब्द दिला होता, म्हणून एका चिजेत त्याला मोकळं सोडलंत. त्याने वाजवलं आणि लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. तुम्ही बाजूला पाहता तो पॉल मंचावर नाही. आत खोलीत त्याने निकाल सांगितला: तो जाईल, नाहीतर मी. तुम्ही म्हणालात, तो जाणार नाही.

इथे तुम्हीही जरा थांबा. पॉल हा तुमचा कमावलेला आवाज. लोक तिकीट काढतात ते निम्मं त्याच्यासाठी. आणि हा जो काही आठवड्यांचा पाहुणा. तरीही वाक्य तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या रात्री पॉल आणि तेव्हाचा बासवाला नॉर्मन बेट्स दोघेही वेळेवर आले नाहीत. आज आपण दोघंच वाजवू, अशी तुम्ही तयारी केलीत. ऐन वेळी दोघे आले, निमूटपणे उभे राहिले, वाजवू लागले. पुढे पॉल आणि जो इतके घट्ट मित्र झाले, की ही गोष्ट ते हसत सांगत. पण मैत्रीची सम कुठे पडली असेल तर त्या खोलीत, त्या तीन शब्दांवर, असं मला वाटतं.

१९५८, मार्च सरता सरता. हा मुक्काम तुम्हाला ओळखीचा वाटेल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चौकडीला दौऱ्यावर धाडलंय. पोलंड झालं, तुर्कस्तान झालं. इस्तंबूलच्या रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून नऊ मात्रांचा ठेका कानात भरून घेतलाय: दोन-दोन-दोन-तीन. काबूल झालं. आता भारत: राजकोट, मुंबई, दिल्ली, हैदराबाद, मद्रास, कलकत्ता. मुंबई अजून द्विभाषिक राज्याची राजधानी आहे आणि दारूबंदी कडक आहे. आपला सॅक्सोफोन ड्राय मार्टिनीसारखा वाजावा असं म्हणणाऱ्या पॉलला इथे परमिटवाचून मार्टिनीचा थेंब मिळायचा नाही. चर्चगेटच्या हॉटेलांत गोव्याचे वादक रोज रात्री जॅझ वाजवतात. सोलफेज गावच्या चर्चच्या शाळेत शिकलेले, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, रात्री इथे. त्यांच्यासाठी तुम्ही आणि जो म्हणजे रेकॉर्डच्या पाकिटावरून उतरून आलेली माणसं.

मुंबईत तुम्ही अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर बसलात. सतार आणि पियानो एकमेकांशी बोलू शकतात का हे पाहायला. पियानोला मींड येत नाही. स्वरातून स्वराकडे घसरत जायला त्याच्यापाशी वाटच नाही. त्यामुळे बोलणं जे झालं ते लयीतून. ड्रमवाल्यांना असलं काही शोधावं लागत नाही.

मद्रासला तर जोची गाठ पळणी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्याशी पडली. कर्नाटक संगीतातले त्या काळचे अग्रगण्य मृदंगवादक, आणि डावखुरे. म्हणजे सगळे जिकडे तोपी, खर्जाची बाजू, वाजवतात तिकडे यांचं वलंतलै, म्हणजे चढ्या स्वराची बाजू. जो हा दोन्ही हात सारखे व्हावेत म्हणून वर्षानुवर्षं उजवा-डावा, उजवा-डावा घासत बसणारा माणूस. त्याच्यासमोर उलट्या बाजूने मांडी घालून बसलेला एक गृहस्थ दहा बोटांनी, काठी न घेता, पाचाचे, साताचे हिशेब चुटकीसरशी मांडतोय. तुम्ही दोघांकडे बघताय. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, आणि दुभाषाला काही काम नाही.

त्या भेटीचं काय झालं ते त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत रेकॉर्ड झालं. ‘कलकत्ता ब्लूज’ कधी ऐका. जोने काठ्या खाली ठेवल्या आहेत, ब्रशही. ड्रमच्या पानांवर तो बोटांनी वाजवतोय. तबला नव्हे, मृदंग नव्हे. तसा दावाही नाही. आपल्याकडे येऊन परत जाताना सतार गळ्यात घालून फोटो काढणारे पुष्कळ पुढे आले. हा फक्त हात मोकळे करून गेला. मला ते जास्त आवडतं.

हे पाच मात्रांचं प्रकरणही असंच त्याच्या हातातून आलं. कार्यक्रमाआधी पडद्यामागे जो वेळ जात नाही म्हणून पाचात वाजवत बसे, आणि पॉल त्यावर काहीबाही फुंके. ऐकून तुम्ही पॉलला म्हणालात, यावर धून बांध. पॉलने दोन तुकडे आणले, तुम्ही ते जोडून दिलेत, नाव ‘टेक फाइव्ह’ ठेवलंत. २५ जूनला याच स्टुडिओत ते वाजवायला घेतलं आणि जमेना. पुन्हा, पुन्हा. कोणी ना कोणी ताल सोडे. चाराच्या चाकोरीत वाढलेले पाय पाचव्या मात्रेला अडखळत. एक जो तेवढा घरच्यासारखा बसला होता.

धून पॉलच्या नावावर लागली. लागायलाच हवी, बांधली त्याने. हे काही चालणार नाही, एखाद्या वापरलेल्या इलेक्ट्रिक रेझरच्या बदल्यात सगळे हक्क देऊन टाकावेत, असं तो गमतीने म्हणे. पुढे तिचे इतके पैसे आले, की १९७७ साली पॉल गेला तेव्हा मृत्युपत्रात तिचं उत्पन्न त्याने अमेरिकन रेड क्रॉसला ठेवलं, आणि ते आजवर जातंय. या सगळ्यात जोचं नाव कुठे? कुठेच नाही. ठेक्याला मालक नसतो. आपल्या सिनेमातल्या कितीतरी गाण्यांची ओळख मुखड्याआधीच्या ढोलकीच्या दोन मात्रांत पटते, आणि ती वाजवणाऱ्याला त्या दिवसाची बिदागी मिळालेली असते. हा नियम कोणी वाईट हेतूने केला असं मी म्हणत नाही. पण तो सुरावाल्यांनी केलाय, एवढं दिसतं.

पुढची वर्षं भरभर जातील, बाकाला घट्ट धरा. १९६१: सात मात्रांची ‘अनस्क्वेअर डान्स’, आपल्या रूपकाची दोन-दोन-तीन अशी उलटी मांडणी, शेवटी जो हसलेला ऐकू येतो, सुटलो बाबा एकदाचा, असं. १९६३, फेब्रुवारी, कार्नेगी हॉल: न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांचा संप, जाहिरात नाही, लोक येतील की नाही ही धास्ती, आणि हॉल भरलेला. जो पुन्हा पाचात, दहा मिनिटांहून लांब, आणि तुमच्या हातांना बराच वेळ काही काम नाही. १९६७, २६ डिसेंबर, पिट्सबर्ग: चौकडीचा शेवटचा कार्यक्रम. तुम्हाला घरी राहून मोठ्या रचना लिहायच्या आहेत. कोणाचं भांडण नाही.

१९७६ला सगळे पुन्हा जमतात, पंचवीस वर्षांचा उत्सव म्हणून दौरा काढतात, पण जोचे डोळे साथ देत नाहीत. त्याच वर्षी उरलेली नजरही जाते. आता मॅथ्यू नावाचा कुत्रा त्याला वाट दाखवतो.

न्यू जर्सीत तो शिकवतो. ही खोली मला पाहायला आवडली असती. विद्यार्थी सरावाच्या पॅडवर काठी टाकतो. गुरूला मनगट दिसत नाही, बोटं दिसत नाहीत. काठी पडून उसळली, त्या उसळीच्या आवाजावरून त्याला कळतं, पकड कुठे आवळली आहे. आमच्या गुरुजींची दृष्टी उत्तम होती, तरी ते शिकवताना खिडकीबाहेर बघत. धा चुकला की मान न वळवता म्हणत, तर्जनी. मला तेव्हा ती जादू वाटायची.

तुम्ही मात्र वाजवतच राहता. ड्रमवर ॲलन डॉसन येतात, तुमचा मुलगा डॅनी बसतो, पुढे कितीतरी वर्षं रँडी जोन्स. ‘टेक फाइव्ह’ वाजवल्याशिवाय लोक उठू देत नाहीत. काळी दोन, काळी पाच. हजारो रात्री. ड्रमवाला बदलला तरी लेहरा तोच राहतो. आणि त्या लेहऱ्याला, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला, एका विशिष्ट माणसाच्या वजनाची सवय झालेली असते. माझे एक तबलावादक मित्र गेले; त्यांच्यासाठी धरायचो तो चंद्रकंसातला लेहरा आता दुसऱ्या कोणासाठी धरताना माझा अंगठा अजून एका ठिकाणी उगाच रेंगाळतो. ते तिथे तिहाई संपवण्याआधी श्वास घ्यायचे.

१२ मार्च २०११. कनेक्टिकटमधलं विल्टन. तुम्ही नव्वदीत आहात. न्यू जर्सीत, आर्व्हिंग्टनला, जो गेला. वय ब्याऐंशी. पॉल जाऊन चौतीस वर्षं होत आली. चौघांपैकी तुम्ही आणि यूजीन उरलात. त्याच वर्षाच्या शेवटी पिट्सबर्गच्या त्या अखेरच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण बाजारात येतं, चव्वेचाळीस वर्षं पडून राहिलेलं. पुढच्या वर्षी, ब्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर आलेला असताना, तुम्हीही जाता.

पण तो अजून पुढचा मामला आहे. हात चालू आहेत ना? तकिट-तक, तकिट-तक. १९५९ आहे, जुलैची पहिली तारीख. पॉलने रीड तोंडातून काढलं.

आता ऐका, कारण इथे कोणीही दुसरा असता तर त्याने धबधबा सोडला असता. मोकळं रान, वर टेप फिरतोय, मागे पक्का लेहरा, आणि हात असे की न्यूयॉर्कमधले निम्मे ड्रमवाले ते बघायला येतात. जो काय करतो? एक ठोका. मग जागा. बास ड्रमचा खोल धप्प, वर छताकडे जाऊन सावकाश परत येईपर्यंत तो थांबतो. मग स्नेअरवर दोन-तीन शब्द, मधेच तोडलेले. पुन्हा जागा. पेशकारात जाणता तबलजी जसा सगळं माहीत असून काहीच सांगत नाही, तसा. आवर्तनाच्या सीमा तो ओलांडतो, ‘तक’वर सुरू करून पुढच्या ‘तकिट’च्या मध्यावर सोडून देतो. मोजत असाल तर गोंधळाल. मोजू नका, तुमच्या डाव्या हाताला सगळं माहीत आहे आणि तो त्याच हातावर विसंबून आहे. तुम्ही या चिजेत एकदाही पुढे येत नाही, एक तानसुद्धा नाही. जड वाजवतो म्हणतात ते हात पाच मिनिटं फक्त एवढंच करताहेत.

पुन्हा एक धप्प. पुन्हा जागा. ही जरा लांब आहे. चष्म्याची भिंगं तुमच्या दिशेने वळलेली, त्यातून तुम्ही त्याला किती दिसता कोण जाणे. काठी वर आहे.

काळी दोन. काळी पाच. काळी दोन.